बोल्ट्झमन यांच्या वर्गातील विद्यार्थिनी

विसाव्या शतकाच्या आरंभी व्हिएन्ना ही युरोपातील एका मोठ्या साम्राज्याची राजधानी होती. संगीत, नाट्य, वैद्यक, वास्तुकला अशा अनेक क्षेत्रांत या शहराचा दबदबा होता. मात्र याच शहरातील विद्यापीठाची भौतिकशास्त्र संस्था ट्युर्केनश्ट्रासे नावाच्या रस्त्यावरील एका जुन्या, राहण्यासाठी बांधलेल्या घरात कशीबशी चालत होती. १८७५ मध्ये संस्था या घरात आली आणि पुढे जवळपास चार दशके तिथेच राहिली. प्रवेशद्वार एखाद्या कोंबड्यांच्या खुराड्याचे असावे तसे होते. व्याख्यानगृहातील लाकडी तुळया पाहिल्या की आग लागली तर येथून फारसे कोणी जिवंत बाहेर पडणार नाही, असा विचार तेथे बसणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मनात अनेकदा येऊन जाई. तरीही तिने एकही तास चुकवला नाही.

या विद्यार्थिनीचे नाव लिझे माइटनर. युरेनियमच्या अणुकेंद्राचे विखंडन होते, म्हणजे ते फुटून त्याचे दोन मोठे तुकडे होतात, याचे भौतिकशास्त्रीय स्पष्टीकरण जगाला पहिल्यांदा देणाऱ्या दोघांपैकी ही एक. तिच्याविषयी लिहिताना बहुतेकांचे लक्ष १९३८ सालच्या त्या हिवाळ्याकडे आणि हुकलेल्या नोबेल पारितोषिकाकडेच जाते. ते स्वाभाविकही आहे. पण तिची घडण समजून घ्यायची असेल तर छत्तीस वर्षे मागे, ट्युर्केनश्ट्रासेवरील त्या पडक्या इमारतीत जावे लागते. तेथे १९०२ ते १९०६ या काळात लुडविग बोल्ट्झमन सैद्धांतिक भौतिकशास्त्र शिकवत होते.

लिझेचा जन्म १८७८ च्या नोव्हेंबरात व्हिएन्नातील एका सुशिक्षित ज्यू कुटुंबात झाला. आठ भावंडांत ती तिसरी. वडील फिलिप माइटनर वकील होते आणि बुद्धिबळाच्या पटावरही त्यांचे नाव होते. घरात पुस्तके होती, संगीत होते, पाहुण्यांच्या चर्चा मुलांना ऐकू दिल्या जात. मात्र घराबाहेरचे नियम वेगळे होते. ऑस्ट्रियात मुलींचे सार्वजनिक शिक्षण चौदाव्या वर्षी संपत असे. विद्यापीठात जाण्यासाठी जी शालान्त परीक्षा द्यावी लागे, तिची तयारी करून घेणाऱ्या शाळा केवळ मुलांसाठी होत्या. लिझेचे शिक्षण १८९२ मध्ये असेच थांबले. गणिताची आणि निसर्गातील घडामोडींमागची कारणे शोधण्याची ओढ तिला तेव्हाही होती, पण त्या ओढीचे काय करायचे हे सांगणारे कोणी नव्हते. पोटापाण्याची सोय हवी म्हणून वडिलांच्या आग्रहावरून तिने फ्रेंच भाषेच्या शिक्षिकेची पात्रता मिळवली.

१८९७ मध्ये ऑस्ट्रियाच्या विद्यापीठांनी तत्त्वज्ञान विद्याशाखेचे दार स्त्रियांसाठी उघडले. विज्ञानाचे विषय याच शाखेत येत. दार उघडले तरी उंबरठा उंचच होता, कारण शालान्त परीक्षेची अट कायम होती. मुलांना शाळेत आठ वर्षांत शिकवला जाणारा अभ्यासक्रम लिझेने खासगी शिकवणी लावून सुमारे दोन वर्षांत पुरा केला. भूक, झोप कशाचेही भान नसे. ती पुस्तक न घेता खोलीतून नुसती इकडून तिकडे गेली तरी आता ही नापास होणार, म्हणून धाकट्या बहिणी तिची थट्टा करीत. १९०१ च्या जुलैत मुलांच्याच एका शाळेत बाहेरच्या उमेदवार म्हणून चौदा मुली परीक्षेला बसल्या. चौघी उत्तीर्ण झाल्या. त्यांत लिझे होती आणि योगायोग असा, की प्राध्यापक बोल्ट्झमन यांची मुलगी हेन्रिएट हीदेखील होती.

त्याच वर्षी ऑक्टोबरात लिझेने विद्यापीठात पाऊल ठेवले. तिचे वय तेव्हा तेवीस वर्षांचे होत आले होते. हातून निसटलेली वर्षे भरून काढायची म्हणून पहिल्या वर्षी तिने भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, वनस्पतिशास्त्र असे मिळतील ते सारे तास गाठले. गणित की भौतिकशास्त्र हा प्रश्न मात्र तिच्यापुढे होता. तो सुटला एका विचित्र प्रसंगातून. गेगेनबावर नावाच्या गणिताच्या प्राध्यापकांनी तिला एका इटालियन गणितज्ञाचे काम तपासून त्यातील चूक शोधण्यास सांगितले. त्यांच्या बऱ्याच मदतीने तिला ती चूक सापडली. हे आता स्वतःच्या नावाने प्रसिद्ध कर, असा सल्ला त्यांनी दिला. जे काम आपले एकटीचे नाही ते आपल्या नावावर छापणे लिझेला पटेना. तिने नकार दिला आणि प्राध्यापक महाशय कायमचे दुखावले गेले. आपल्याला गणितज्ञ व्हायचे नाही, भौतिकशास्त्रज्ञ व्हायचे आहे, हे या प्रसंगानंतर तिला स्पष्ट कळले. दुसऱ्याच्या श्रमाचे श्रेय घेण्यास नकार देणाऱ्या या मुलीच्या वाट्याला पुढे काय आले, हे माहीत असणाऱ्याला हा प्रसंग वाचताना थोडे थबकावेच लागते.

बोल्ट्झमन १९०२ च्या शरद ऋतूत लायप्झिगहून व्हिएन्नाला परतले. त्यापूर्वीही ते येथे प्राध्यापक होते. एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाण्याच्या त्यांच्या अस्वस्थ सवयीला कंटाळलेल्या सम्राटाच्या सरकारने या वेळी त्यांच्याकडून, पुन्हा ऑस्ट्रिया सोडून जाणार नाही, असे वचनच घेतले होते. जाड भिंगांचा चष्मा, दाट दाढी, स्थूल देह आणि अतिशय हळवे मन असलेला हा माणूस त्या काळातील सर्वश्रेष्ठ सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञांपैकी एक होता. शिक्षक म्हणूनही त्यांचा लौकिक तसाच होता, आणि संशोधनात मोठा असलेला माणूस वर्गातही तितकाच मोठा असणे ही काही नेहमी घडणारी गोष्ट नव्हे.

त्यांचा अभ्यासक्रम चार वर्षे चाले. यामिकी, द्रवगतिशास्त्र, स्थितिस्थापकता, विद्युतचुंबकत्व आणि वायूंचा गतिज सिद्धांत हे विषय क्रमाने घेतले जात. वर्गात मध्यभागी एक प्रचंड मोठा फळा असे आणि दोन्ही बाजूंना दोन लहान फळे. मुख्य गणित मधल्या फळ्यावर चाले, आनुषंगिक आकडेमोड बाजूच्या फळ्यांवर. हे सारे इतके नेटके आणि सुवाच्य असे, की तास संपल्यावर केवळ त्या फळ्यांकडे पाहून संपूर्ण व्याख्यान पुन्हा उभे करता यावे. पण वर्ग गच्च भरे तो काही फळ्यावरच्या अक्षरासाठी नव्हे. बोल्ट्झमन जे शिकवीत त्यात ते स्वतः रंगून जात. निसर्गाचे नियम गणिताच्या चौकटीत इतके चपखल बसतात याचे त्यांना वाटणारे आश्चर्य ते विद्यार्थ्यांपासून लपवीत नसत. प्रत्येक तासानंतर आपल्यापुढे एक नवेच जग उघडले गेल्याची भावना घेऊन विद्यार्थी बाहेर पडत, असे लिझेने उतारवयात लिहून ठेवले आहे. आयुष्यात ऐकलेल्या व्याख्यानांत सर्वांत सुंदर आणि प्रेरक व्याख्याने तिने बोल्ट्झमन यांचीच मानली. पुढच्या आयुष्यात प्लांक, आइन्स्टाइन आणि बोहर यांना ऐकलेल्या व्यक्तीचे हे मत आहे, म्हणून त्याचे मोल अधिक.

या वर्गात नेमके काय शिकवले जात होते, हेही पाहायला हवे. कपातला गरम चहा थोड्या वेळाने गार होतो. त्यातील उष्णता हवेत जाते. हवेतील उष्णता आपोआप गोळा होऊन गार चहा पुन्हा गरम झाल्याचे मात्र कोणी पाहिलेले नाही. असे का, याचे उत्तर बोल्ट्झमन यांनी अणुरेणूंच्या गर्दीत शोधले. अब्जावधी रेणूंची ऊर्जा सर्वत्र विखुरली जाण्याच्या शक्यता अगणित असतात, एकाच जागी गोळा होण्याच्या अगदी थोड्या. निसर्ग ज्या दिशेला जातो ती केवळ अधिक संभाव्य असलेली दिशा असते. एन्ट्रॉपी आणि संभाव्यता यांना जोडणारे त्यांचे सूत्र व्हिएन्नाच्या दफनभूमीत त्यांच्या स्मारकावर कोरलेले आहे.

अडचण अशी होती, की हे सारे अणू खरोखरच अस्तित्वात आहेत असे मानले तरच त्याला अर्थ होता, आणि ते मानायला त्या काळातील अनेक मोठी माणसे तयार नव्हती. व्हिएन्नातच त्यांचे सहकारी राहिलेले एर्न्स्ट माख यांच्या मते जे दिसत नाही, मोजता येत नाही त्यावर विज्ञान उभारणे योग्य नव्हते. लायप्झिगचे रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ओस्टवाल्ड यांना तर अणूंची गरजच वाटत नव्हती. ऊर्जा ही एकच संकल्पना त्यांना पुरेशी होती. या वादात बोल्ट्झमन यांनी आयुष्याची अनेक वर्षे खर्ची घातली. अणूंच्या वास्तवावर विश्वास ठेवल्याबद्दल आपल्याला किती विरोध सोसावा लागला, तत्त्ववेत्त्यांनी आपल्यावर कसे हल्ले चढवले, हे ते वर्गात मोकळेपणाने सांगत. समोरच्या मुलामुलींना त्यामुळे एक गोष्ट कळे, जी पाठ्यपुस्तकातून कळत नाही. भौतिकशास्त्र ही सिद्ध झालेल्या सूत्रांची वही नव्हे, तिच्या पानापानावर अजून झुंज चालू आहे आणि या झुंजीत माणसे आपले सर्वस्व पणाला लावतात.

बोल्ट्झमन यांच्या वर्गात स्त्रिया अगदी थोड्या असत. विद्यापीठात शिकणारी मुलगी म्हणजे काही तरी विक्षिप्त प्रकार, अशीच बहुतेकांची समजूत होती. काही विद्यार्थी उद्धटपणे वागत, काही मनापासून मदत करीत. बोल्ट्झमन यांच्या मनात मात्र या बाबतीत कोणताही किंतु नव्हता. त्याला कारणही होते. त्यांची पत्नी हेन्रिएट फॉन आयगेंटलर हिला लग्नाआधी ग्राझ विद्यापीठात व्याख्याने ऐकण्यास मज्जाव करण्यात आला होता, तेव्हा दाद मागण्याचा सल्ला तिला बोल्ट्झमन यांनीच दिला होता. ते विद्यार्थ्यांना घरी बोलावीत, पियानो वाजवून दाखवीत, स्वतःच्या आयुष्यातील गमती सांगत. १९०५ मध्ये ते कॅलिफोर्नियाला व्याख्याने देण्यासाठी गेले आणि परतल्यावर त्या प्रवासाचे त्यांनी लिहिलेले वर्णन आजही हसू आणते. हेच गृहस्थ अधूनमधून खोल नैराश्यात बुडून जात, याची कल्पना त्या हसणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी फारच थोड्यांना असावी.

लिझेने प्रबंधासाठी असमान रचनेच्या पदार्थांतील उष्णतावहनाचा विषय निवडला. मार्गदर्शक होते प्रायोगिक भौतिकशास्त्राचे प्राध्यापक फ्रान्झ एक्सनर. १९०६ च्या फेब्रुवारीत तिला डॉक्टरेट मिळाली. व्हिएन्ना विद्यापीठातून भौतिकशास्त्रात ही पदवी मिळवणाऱ्या अगदी पहिल्या काही स्त्रियांत तिची गणना होते. बोल्ट्झमन यांचेच विद्यार्थी असलेल्या पॉल एरेनफेस्ट यांनी तिचे लक्ष लॉर्ड रॅले यांच्या प्रकाशशास्त्रावरील निबंधांकडे वेधले. त्यातील एका प्रयोगाचा उलगडा खुद्द रॅले यांनाही झाला नव्हता. लिझेने तो केलाच, शिवाय त्यावरून आणखी काही निष्कर्ष काढून ते प्रयोगाने पडताळून पाहिले. आपण स्वतंत्रपणे संशोधन करू शकतो, हा विश्वास तिला येथे मिळाला.

आणि त्याच वर्षी तो वर्ग संपला. १९०६ च्या उन्हाळ्यापूर्वीच प्रकृतीमुळे बोल्ट्झमन यांचे तास बंद झाले होते. ५ सप्टेंबर १९०६ रोजी एड्रियाटिक समुद्रकाठच्या डुइनो गावी, कुटुंबासह सुटीवर असताना, त्यांनी गळफास घेऊन जीवन संपवले. ते बासष्ट वर्षांचे होते. अणूंच्या अस्तित्वाचा वाद त्यांच्या बाजूने सुटण्याची चिन्हे तेव्हा दिसू लागली होती. आइन्स्टाइन यांचा ब्राउनियन गतीवरील निबंध १९०५ मध्येच प्रसिद्ध झाला होता, आणि पॅरिसमध्ये जाँ पेराँ यांच्या प्रयोगांनी १९०८ नंतर तो वाद जवळजवळ मिटवला. ओस्टवाल्ड यांनीही मग अणू मान्य केले.

गुरू गेल्यावर संस्थेची तात्पुरती सूत्रे श्टेफान मायर या तरुण सहकाऱ्याकडे आली. किरणोत्सार या नव्या विषयाची ओळख डॉ. माइटनर यांना त्यांनीच करून दिली. दिवसा मुलींच्या शाळेत शिकवायचे आणि संध्याकाळी ट्युर्केनश्ट्रासेवर प्रयोग करायचे, असा त्यांचा क्रम होता. बोल्ट्झमन यांच्या रिकाम्या जागेसाठी मॅक्स प्लांक यांचा विचार सुरू झाला, ते व्हिएन्नाला येऊन गेले, पण त्यांनी बर्लिन सोडले नाही. मग माइटनर यांनीच बर्लिनला जायचे ठरवले. वडिलांनी थोडा खर्च उचलण्याचे कबूल केले. एखाद-दोन सत्रांसाठी म्हणून १९०७ मध्ये गेलेल्या या बाई तेथे एकतीस वर्षे राहिल्या.

प्रशियाच्या विद्यापीठांत तेव्हा स्त्रियांना रीतसर प्रवेश नव्हता, वर्गात बसायचे तरी प्राध्यापकांची परवानगी लागे. माइटनर प्लांक यांना भेटल्या. डॉक्टरेट मिळाली आहे, आता आणखी काय हवे, असे त्यांनी विचारले. भौतिकशास्त्र खऱ्या अर्थाने समजून घ्यायचे आहे, असे उत्तर मिळाल्यावर चार सौजन्याचे शब्द बोलून त्यांनी विषय तेथेच सोडला. प्लांक यांचे पहिले काही तास ऐकून माइटनर यांची निराशाच झाली. मांडणी अत्यंत स्पष्ट, पण बोल्ट्झमन यांच्या पेटत्या व्याख्यानांनंतर ती कोरडी, अलिप्त वाटली. प्लांक यांच्या अबोल स्वभावामागचा सच्चेपणा त्यांना हळूहळू कळत गेला आणि पुढे त्यांच्यासारखा आधार दुसऱ्या कोणाचा वाटला नाही. एके काळी बोल्ट्झमन यांच्या अणुवादाबद्दल साशंक असलेल्या प्लांक यांनी १९०० मध्ये स्वतःचे क्रांतिकारक सूत्र सिद्ध करताना बोल्ट्झमन यांचीच संख्याशास्त्रीय रीत वापरली होती, हेही येथे नोंदवायला हवे.

बर्लिनमध्ये त्यांची गाठ ओटो हान या समवयस्क रसायनशास्त्रज्ञाशी पडली. हान ज्या रसायनशास्त्र संस्थेत काम करीत तिचे प्रमुख एमिल फिशर यांना प्रयोगशाळेत स्त्रिया नको होत्या. स्त्रियांच्या केसांना आग लागेल, असे त्यांना वाटे म्हणतात. त्यांची स्वतःची दाढी बरीच लांब होती. तडजोड अशी निघाली, की तळमजल्यावरील, बाहेरून स्वतंत्र दार असलेल्या सुतारकामाच्या जुन्या खोलीत माइटनर यांनी काम करावे आणि वरच्या मजल्यावर पाऊल ठेवू नये. इमारतीत स्त्रियांसाठी स्वच्छतागृह नव्हते, त्यासाठी रस्त्यावरील हॉटेलात जावे लागे. स्त्रियांचा विद्यापीठ प्रवेश अधिकृत झाल्यावर ही बंदी उठली. पगार मात्र अजून नव्हताच. १९१२ मध्ये प्लांक यांनी त्यांना आपली सहायक नेमले. प्रशियात या पदावर नेमली गेलेली ही पहिली स्त्री. विद्यार्थ्यांच्या वह्या तपासणे हे त्यांचे काम होते आणि वयाच्या तेहतिसाव्या वर्षी विज्ञानातून मिळालेला हा त्यांचा पहिला पगार.

त्यानंतरची वाटचाल वेगाने झाली. दाहलेममधील नवी कैसर विल्हेल्म संस्था, पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियाच्या आघाडीवर क्ष-किरण तंत्रज्ञ म्हणून केलेली सेवा, १९१८ मध्ये हान यांच्यासह जाहीर केलेला प्रोटॅक्टिनियम या मूलद्रव्याचा शोध, स्वतःचा भौतिकशास्त्र विभाग. १९२२ मध्ये त्यांना विद्यापीठात शिकवण्याचा अधिकार मिळाला. विश्वातील घडामोडींत किरणोत्साराचे महत्त्व काय, या विषयावर त्यांनी पहिले व्याख्यान दिले. एका वृत्तपत्राने कॉस्मिक या शब्दाऐवजी कॉस्मेटिक छापून भौतिकशास्त्राला सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात नेऊन बसवले. बाई आणि विज्ञान एकत्र म्हटल्यावर छापखान्यातील कोणाला ते स्वाभाविक वाटले असावे! १९२६ मध्ये त्या जर्मनीतील भौतिकशास्त्राच्या पहिल्या स्त्री प्राध्यापक झाल्या. लहानपणापासून बुजरा असलेला त्यांचा स्वभाव वर्गासमोर उभे राहून मोकळा झाला.

हे सुख सात वर्षे टिकले. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि सप्टेंबरात ज्यू कुळातील म्हणून माइटनर यांचा शिकवण्याचा अधिकार काढून घेण्यात आला. त्यांनी १९०८ मध्येच प्रोटेस्टंट पंथ स्वीकारला होता, पण नव्या कायद्याला त्याच्याशी कर्तव्य नव्हते. ऑस्ट्रियाचे नागरिकत्व असल्याने संस्थेतील जागा तेवढी राहिली. त्या वेळी त्या देश सोडून गेल्या नाहीत. प्रयोगशाळा आपण उभारली आहे, काम ऐन भरात आहे, हे कारण खरे होते. तरी ही आपली केवळ व्यावहारिक नव्हे तर नैतिकही चूक झाली, असे युद्धानंतर त्यांनी स्वतःच कबूल केले.

१९३४ मध्ये युरेनियमवर न्यूट्रॉनांचा मारा केल्यास काय होते, या संशोधनासाठी त्यांनीच हान यांना पुन्हा सोबत घेतले. फ्रिट्झ श्ट्रासमान हा तरुण रसायनशास्त्रज्ञ पुढे त्यांत सामील झाला. काम अर्धवट असतानाच १९३८ च्या मार्चमध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि माइटनर यांचे पारपत्र निरुपयोगी झाले. १३ जुलै १९३८ रोजी डच भौतिकशास्त्रज्ञ डिर्क कोस्टर यांच्यासोबत त्या रेल्वेने सरहद्द ओलांडून हॉलंडमध्ये पोचल्या. जवळ दोन लहान बॅगा, दहा मार्क आणि प्रसंगी पहारेकऱ्यांना देता यावी म्हणून हान यांनी दिलेली, त्यांच्या आईची हिऱ्याची अंगठी. तेथून त्या स्वीडनला गेल्या. स्टॉकहोममध्ये मान्ने सीगबान यांच्या संस्थेत जागा मिळाली, पण उपकरणे नव्हती, मदतनीस नव्हते. एकोणसाठाव्या वर्षी नव्याने सुरुवात करायची होती.

डिसेंबरात हान यांचे पत्र आले. युरेनियमवर न्यूट्रॉनांचा मारा केल्यावर मिळालेल्या पदार्थात बेरियम सापडत होते. बेरियमचे अणुकेंद्र युरेनियमच्या जवळपास निम्म्या वजनाचे. हे कसे शक्य आहे, असा प्रश्न त्यांनी जुन्या सहकाऱ्याला विचारला होता. नाताळसाठी माइटनर स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्याजवळील कुंगेल्व या गावी मैत्रिणीकडे गेल्या होत्या. कोपनहेगनहून त्यांचा भाचा ओटो रॉबर्ट फ्रिश, तोही भौतिकशास्त्रज्ञ, तेथे आला होता. दोघे बर्फातून फिरायला निघाले, तो स्कीवर, मावशी पायी. चालता चालता पत्रावर वाद सुरू झाला. हान यांची चूक झाली असेल, असे भाच्याला वाटले. इतका काटेकोर रसायनशास्त्रज्ञ अशी चूक करणार नाही, याबद्दल माइटनर यांना शंका नव्हती.

मग एका ओंडक्यावर बसून कागदाच्या कपट्यांवर त्यांनी गणित मांडले. अणुकेंद्र हा टणक दगड नसून पाण्याच्या थेंबासारखे आहे, ही कल्पना बोहर यांच्यामुळे परिचित होती. युरेनियमच्या अणुकेंद्रातील धन विद्युतभार इतका मोठा असतो की तो थेंबाच्या पृष्ठताणाला जवळजवळ निष्प्रभ करतो. अशा डळमळीत थेंबाला एका न्यूट्रॉनचा धक्का लागला तर तो लांबट होऊन, मध्ये बारीक होऊन दुभंगू शकेल. दोन तुकडे एकमेकांना दूर ढकलतील तेव्हा सुमारे २० कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा बाहेर पडायला हवी. ती येणार कोठून? अणुकेंद्रांची वस्तुमाने माइटनर यांना तोंडपाठ होती. दोन्ही तुकड्यांचे एकत्रित वस्तुमान मूळ केंद्रापेक्षा प्रोटॉनच्या सुमारे एक पंचमांशाने कमी भरत होते. वस्तुमान आणि ऊर्जा यांची सममूल्यता त्यांनी प्रथम ऐकली होती तीही एका व्याख्यानातच, १९०९ मध्ये साल्झबुर्ग येथे, तरुण आइन्स्टाइन यांच्या तोंडून. ते सूत्र लावले आणि उत्तर आले २० कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट. ११ फेब्रुवारी १९३९ च्या नेचर नियतकालिकात दोघांचा छोटा निबंध प्रसिद्ध झाला. या क्रियेसाठी फिशन हा शब्द त्यांनी जीवशास्त्रातील पेशीविभाजनावरून घेतला.

पुढची हकिगत सर्वश्रुत आहे. १९४४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक १९४५ मध्ये एकट्या हान यांना जाहीर झाले. हान यांच्या रासायनिक कौशल्याबद्दल दुमत नाही. पण जे संशोधन माइटनर यांनी सुरू केले, ज्याचा अर्थ त्यांनी लावला, त्यातून त्यांचे नाव वगळणे हा अन्याय होता, आणि नोबेल समितीची कागदपत्रे पुढे अभ्यासकांना खुली झाल्यावर या निर्णयातील उणिवा उघडही झाल्या. माइटनर यांचे नाव चाळीसहून अधिक वेळा सुचवले गेले होते. त्यांना अधिक बोचले ते मात्र वेगळेच. हान यांनी युद्धानंतर या संयुक्त कामाचा उल्लेख करताना त्यांना जवळजवळ बाजूला सारले. तरीही त्यांनी मैत्री तोडली नाही. बॉम्बशी त्यांचा संबंध नव्हता. १९४३ मध्ये लॉस अलामोसच्या प्रकल्पात येण्याचे निमंत्रण त्यांनी साफ नाकारले होते. १९४५ नंतर वृत्तपत्रांनी त्यांना अणुबॉम्बची जननी ठरवले, ते त्यांना शेवटपर्यंत सहन झाले नाही.

बोल्ट्झमन यांच्या वर्गाने माइटनर यांना नेमके काय दिले, याचे सर्वांत नेमके वर्णन फ्रिश यांनी केले आहे. भौतिकशास्त्र म्हणजे अंतिम सत्यासाठी चाललेली लढाई, ही दृष्टी मावशीला बोल्ट्झमन यांच्याकडून मिळाली आणि ती त्यांनी कधीही गमावली नाही, असा त्यांचा अभिप्राय होता. सुतारकामाच्या खोलीत किंवा स्टॉकहोमच्या रिकाम्या प्रयोगशाळेत ही दृष्टी उपयोगी पडली असेल काय? पडली असावी. पद, पगार आणि श्रेय यांपैकी काहीही हाती नसताना पाच-सहा वेळा पुन्हा सुरुवात करणाऱ्या माणसाजवळ ओढीखेरीज दुसरे भांडवल नसते.

१९६० मध्ये त्या भावाबहिणींच्या मुलांजवळ राहण्यासाठी इंग्लंडमधील केंब्रिजला गेल्या. १९६३ मध्ये, पंचाऐंशीव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, व्हिएन्नात त्यांनी आपल्या आयुष्याविषयी व्याख्यान दिले. पुढच्या वर्षी ते इंग्रजीत प्रसिद्ध झाले. त्यात तक्रारीचा सूर जवळजवळ नाही. ट्युर्केनश्ट्रासेवरील ते खुराड्याचे दार, तीन फळे आणि घरी पियानो वाजवणारे प्राध्यापक मात्र त्यांना तपशीलवार आठवत होते. १९६६ मध्ये अमेरिकेचे एन्रिको फर्मी पारितोषिक हान, माइटनर आणि श्ट्रासमान या तिघांना मिळून देण्यात आले. १९६८ च्या जुलैत हान गेले. तब्येत फार खालावलेली असल्याने ही बातमी कुटुंबीयांनी त्यांना सांगितली नाही. २७ ऑक्टोबर १९६८ रोजी माइटनर यांचेही निधन झाले. हॅम्पशायरमधील ब्रॅमली या खेड्यात, धाकटा भाऊ वॉल्टर याला जेथे पुरले होते त्याच चर्चच्या आवारात, त्यांच्या इच्छेनुसार त्यांचे दफन करण्यात आले.